राजा पटाबाहेर, डाव चालू

बुद्धिबळात राजा सापडला की डाव संपतो. बाकीची मोहरी कितीही शाबूत असली तरी त्यांना मग काम उरत नाही. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजीराजांना ठार मारले, तेव्हा त्याचा हिशेब असाच होता. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई व बाळ शाहू त्याच्या छावणीत कैद झाले. तरीही डाव पुढे अठरा वर्षे चालला, आणि अखेर पट सोडून गेला तो बादशहाच. या अठरा वर्षांचे श्रेय आपण संताजी-धनाजींच्या घोड्यांना देतो. ते योग्यही आहे. पण त्या घोड्यांना एका मोहिमेत बांधणारा माणूस विशाळगडावर बसला होता. रामचंद्र नीलकंठ, म्हणजेच रामचंद्रपंत अमात्य, हे त्याचे नाव.

पंतांचा जन्म १६५० च्या सुमाराचा. वडील निळो सोनदेव शिवाजीमहाराजांच्या कारभारात होते. कल्याण घेणारे आबाजी सोनदेव हे त्यांचे चुलते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत पंत वयाने सर्वांत लहान होते. अमात्य म्हणजे जमाखर्चाचा धनी. तलवारीपेक्षा आकड्यांशी ज्याचा संबंध अधिक, अशा या माणसाच्या हाती चाळिशीच्या उंबरठ्यावर एक बुडते राज्य आले.

राजारामांना महाराष्ट्रात ठेवणे धोक्याचे होते. म्हणून त्यांना दूर दक्षिणेत, आजच्या तामिळनाडूतल्या जिंजीच्या किल्ल्यात पाठवायचे ठरले. राजा तिकडे गेला की बादशहाला फौज दोन ठिकाणी वाटावी लागेल, ही त्यातली मेख. मागे राहिलेल्या मुलखाचा सर्वाधिकार पंतांना मिळाला आणि त्यासाठी राजारामांनी त्यांना 'हुकूमतपनाह' हा किताब दिला. जिंजीचा हुकूम येईपर्यंत आठवडे लोटणार. तोवर सगळे थांबले तर राज्य बुडणार. म्हणून इथला निर्णय इथेच होऊ लागला. शंकराजी नारायण, परशुराम त्र्यंबक, संताजी घोरपडे, धनाजी जाधव, प्रत्येकाला आपापले क्षेत्र आणि त्या क्षेत्रात मोकळीक मिळाली.

आज संगणकावर किंवा टेबलावर नकाशा मांडून संघाने युद्धखेळ खेळणारी तरुण मंडळी बरीच आहेत. एका बाजूला चौघे, दुसऱ्या बाजूला चौघे आणि अनेक लढायांची मिळून एक मोहीम. या प्रकाराचे मूळ प्रशियात आहे. तिथल्या राइसविट्झ नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने १८२४ मध्ये असा खेळ आपल्या सैन्यासाठी सिद्ध केला. त्यात दोन्ही पक्षांना सगळा पट दिसत नसे. मध्ये एक पंच असे. कोणाला काय दिसेल, कोणाचा हुकूम केव्हा पोहोचेल, चकमकीत कोणाचे किती नुकसान झाले, हे तो ठरवी. अशी मोहीम आखणाऱ्याला चार प्रश्न सोडवावे लागतात. कोणाला किती माहिती असावी? निर्णय कोणी घ्यावा? बक्षीस काय? आणि एकाच बाजूचे दोघे आपसांत भांडले तर निवाडा कोणाचा? पंतांनी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अचूक दिली. उरलेल्या दोन प्रश्नांनी मराठ्यांना पुढे बराच काळ छळले.

पहिल्या दोन उत्तरांचे फळ लवकर दिसले. १६९२ मध्ये पन्हाळा परत मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस संताजी-धनाजी जिंजीच्या वेढ्यावर धावून गेले. संताजींनी अलीमर्दानखानाला आणि धनाजींनी इस्माईलखान मकाला पकडले. नोव्हेंबर १६९५ मध्ये दोड्डेरीला संताजींनी कासिमखानाची फौज कोंडून शरण आणली. दोनच महिन्यांत हिंमतखान लढाईत पडला. या सगळ्या हालचालींमागे दाणागोटा, पैसा आणि गड यांची तजवीज होती, आणि ती पंतांची होती.

बक्षिसाचा प्रश्न मात्र अवघड. बारामतीहून फलटणला जाताना सांगवीजवळ नीरा ओलांडली की तो समजतो. पलीकडे फलटणचे निंबाळकर, त्यापुढे म्हसवडचे माने. अशी पिढ्यान्पिढ्या जमीन धरून असलेली मातब्बर घराणी या पट्ट्यात होती. हीच नीरा पुढे इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला भीमेला मिळते, आणि त्या भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला १६९५ पासून चार वर्षे खुद्द बादशहाचा तळ होता. तिथून मनसबीची आमिषे येत. शिवाजीमहाराजांचा कल वतनाऐवजी रोख पगाराकडे होता. पण आता खजिना रिकामा होता. तेव्हा मुलूख जिंकेल त्याला तो मुलूख, असा नवा नियम आला. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपड्यांना राजारामांनी दिलेले आश्वासन आजच्या खेळातल्या टप्प्यांसारखेच आहे. रायगड, विजापूर, भागानगर आणि औरंगाबाद घेतल्यावर एकेक हप्ता. उरलेला निम्मा वाटा दिल्ली घेतल्यावर. राजा एका वेढलेल्या किल्ल्यात आणि बक्षीस दिल्लीचे! पण या नियमानेच माणसे टिकली, गेलेली परत आली.

चौथा प्रश्न सुटला नाही. संताजी शिस्तीचे कठोर, धनाजी माणसे सांभाळून घेणारे. दोघांत चुरस होती, तिचे वैर झाले. त्यांच्यामध्ये पंच म्हणून उभा राहील असा कोणी नव्हता. पंत दूर होते आणि खुद्द छत्रपती एका बाजूला झुकले. १६९६ मध्ये दोन मराठी फौजा एकमेकींशी लढल्या. अमृतराव निंबाळकर संताजींच्या हाती सापडले आणि त्यांना हत्तीच्या पायी देण्यात आले. अमृतराव हे म्हसवडच्या नागोजी मान्यांचे मेहुणे. जून १६९७ मध्ये शंभूमहादेवाच्या डोंगराकडे एकट्या पडलेल्या संताजींना नागोजींनी गाठून मारले. ज्याला मोगलांचे नामवंत सरदार आवरू शकले नाहीत, तो वीर नीरेपासून फार दूर नसलेल्या डोंगरात आपल्याच माणसाच्या हातून गेला.

तरी मोहीम मोडली नाही. जानेवारी १६९८ मध्ये जिंजी पडली. त्याआधीच राजाराम निसटले होते. १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचा अंत झाला आणि ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. बादशहा एकेक गड घेत होता, मराठे तो परत मिळवत होते. १७०७ मध्ये अहमदनगरला औरंगजेब मरण पावला.

शत्रू गेला आणि बक्षिसाचा नियम मागे राहिला. ज्यांना मुलूख मिळाला होता, त्यांनी आता छत्रपती निवडायला सुरुवात केली. शाहू सुटून आले, धनाजी त्यांना मिळाले. पंत ताराबाईंकडे राहिले. पुढे १७१४ मध्ये ताराबाईंना बाजूला सारून राजसबाईंचे पुत्र संभाजी कोल्हापूरच्या गादीवर आले, त्यातही पंतांचा हात होता. या नव्या राजासाठी त्यांनी जे 'आज्ञापत्र' सिद्ध केले, त्यात वतनदारांवरचे प्रकरण आवर्जून वाचावे. वतनदार हे राज्याचे लहान वाटेकरी असतात, त्यांना मोकळे सोडू नये आणि छळूही नये, जमीन इनाम देत सुटले की राज्यच झिजते, असा त्याचा आशय आहे. हे केवळ पुस्तकी शहाणपण नव्हते. वतनाच्या जोरावर राज्य वाचवलेल्या कारभाऱ्याने उतारवयात मांडलेला तो जमाखर्च होता. त्यांच्या स्वतःच्या घराण्याकडेही बावड्याची जहागीर पिढ्यान्पिढ्या चालली, हेही त्या जमाखर्चात धरावे लागते.

१७१६ मध्ये पन्हाळ्यावर पंतांचे निधन झाले. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण १६८९ मध्ये दुसरे कोणते नाणे त्यांच्या हाती होते? मोहीम जिंकण्यासाठी केलेला नियम मोहीम संपल्यावर मागे घेता आला पाहिजे. पंतांना तो घेता आला नाही, त्यांच्यानंतरच्यांनी तो घ्यायचा प्रयत्नही फारसा केला नाही. सरंजामी सरदारांचे पुढचे शतकभराचे वैभव आणि त्यांची दुही, दोन्ही विशाळगडावर आखलेल्या त्या डावातून निघाली.