छात्रालयातील वाचक : साने गुरुजींच्या लेखनजीवनाचा खानदेशी आरंभ

मराठी साहित्याच्या अभ्यासात साने गुरुजींचे नाव येते ते बहुधा दोन प्रकरणांत. एक बालकुमारांच्या साहित्याचे आणि दुसरे गांधीयुगाच्या प्रभावाचे. दोन्ही ठिकाणी त्यांच्या लेखनाचा विचार ग्रंथ छापून झाल्यानंतर सुरू होतो. परंतु पहिला ग्रंथ निघण्यापूर्वी कित्येक वर्षे गुरुजींना एक वाचकवर्ग लाभला होता. तो पूर्व खानदेशातील एका वसतिगृहात राहत होता, हस्तलिखित वाचत होता आणि लेखकाला दिवसातून अनेकदा भेटत होता. ही हकीकत चरित्रांतून भक्तिभावाने सांगितली जाते. समीक्षेने मात्र तिची फारशी दखल घेतलेली नाही. गुरुजींच्या गद्याची घडण या वाचकवर्गाने केली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या दृष्टीने त्यांचे जीवन येथे पुन्हा सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण वडिलांच्या काळात ते वैभव ओसरले आणि घरावर जप्ती येण्यापर्यंत पाळी आली. दापोलीच्या मिशन शाळेत, नंतर औंध संस्थानात आणि पुढे पुण्यात त्यांचे शिक्षण झाले, तेही उपासमार, परावलंबन आणि ओशाळलेपण सोसून. आई यशोदाबाई १९१७ साली वारल्या, तेव्हा मुलगा जवळ नव्हता. या दुःखाला पुढे जे वाङ्मयीन रूप आले ते सर्वपरिचित आहे. त्याला सोळा वर्षे का लागली, आणि ते कोकणात किंवा पुण्यात न येता खानदेशातील वास्तव्यानंतर का आले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

गुरुजी अमळनेरला आले ते तत्त्वज्ञानाच्या ओढीने. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ साली तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. पालगडच्या आगरांतून आलेल्या तरुणाला हा मुलूख सर्वस्वी परका होता. काळी कपाशीची जमीन, कडक उन्हाळा, गिरणीचा भोंगा आणि बोरी नदीचे बहुतेक वर्षभर कोरडे राहणारे पात्र. ही नदी पारोळा तालुक्यातूनच अमळनेरकडे जाते. ब्रिटिश अमदानीत पारोळा हा अमळनेर तालुक्याचाच पेटा होता, त्यामुळे आज दोन तालुके असलेला हा प्रदेश त्या काळी एकाच कारभाराखाली होता. पारोळ्याच्या उत्तरेस अमळनेर आणि पश्चिमेस धुळे. पहिल्या गावी गुरुजींचे छात्रालय होते आणि दुसऱ्या गावी त्यांचा तुरुंग. त्यांच्या लेखनजीवनाचे दोन मोठे टप्पे या एवढ्याशा टापूत घडले.

तत्त्वज्ञानाच्या कोरड्या वादांत गुरुजींचे मन रमले नाही. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. त्यांची शिक्षकी अवघी सहा वर्षांची आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. गुरुजी हे बिरुद जन्मभर चिकटले ते या सहा वर्षांच्या बळावर. छात्रालयात ते मुलांची अंथरुणे आवरीत, कंदिलांच्या काचा पुसून ठेवीत, मळलेले कपडे धुऊन टाकीत. चरित्रकारांनी या गोष्टींत मातृहृदय पाहिले आहे. अभ्यासकाला आणखी एक गोष्ट दिसावी. मुलांच्या दैनंदिन जीवनाचे इतके जवळून निरीक्षण करण्याची संधी त्या काळच्या फार थोड्या मराठी लेखकांना मिळाली असेल. कोणाचा सदरा फाटला आहे, कोण घरच्या आठवणीने रडतो, कोण खोटे बोलतो, हे सारे त्यांना ठाऊक होते, आणि लिहिताना ते समोर होते.

कारण याच काळात ते लिहू लागले होते. ‘छात्रालय दैनिक’ हे हस्तलिखित पत्र ते मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून काढीत. त्यात बातम्या असत, थोरांची चरित्रे असत, गोष्टी असत आणि छात्रालयात घडलेल्या गोष्टींवरचे हळुवार बोलही असत. दैनिक म्हणजे रोजचे. आज लिहिले ते आजच वाचले जाणार, आणि ते कंटाळवाणे ठरले तर वाचकाचा चेहरा जेवणाच्या पंगतीत लेखकाला दिसणार. छापील नियतकालिकाच्या लेखकाला ही परीक्षा द्यावी लागत नाही. मुले त्या अंकाची वाट पाहत. आजच्या भाषेत ज्याला चाहतावर्ग म्हणतात त्याचे इतके लहान, इतके जिवंत उदाहरण मराठीत दुसरे सापडणे कठीण आहे. १९२८ साली ‘विद्यार्थी’ हे मासिक निघाले तेव्हा या नात्याने छात्रालयाचा उंबरठा ओलांडला.

येथे भाषेचा मुद्दा येतो. अमळनेर-पारोळा भागातील मुलाची घरची बोली अहिराणी. त्याला ग्रांथिक मराठी शाळेत भेटे, आणि तीही संस्कृतप्रचुर. कोकणातून आलेल्या, पुण्यात शिकलेल्या शिक्षकाची बोली त्याला तितकीच परकी. अशा श्रोत्यांशी बोलायचे तर वाक्य लहान ठेवावे लागते, क्रियापद लवकर आणावे लागते, एक गोष्ट दोनदा निराळ्या शब्दांत सांगावी लागते. गुरुजींच्या गद्याचे हेच विशेष आहेत. ती पुनरुक्ती समीक्षकांना भाबडी वाटते. मला ती वर्गातील फळ्याजवळची वाटते. हा तर्क आहे, याची जाणीव ठेवूनच तो मांडतो. पण ज्यांनी खानदेशातील खेड्यांतून आलेल्या मुलांना मराठी शिकविले आहे त्यांना तो अगदीच अनाठायी वाटू नये.

१९३० च्या सत्याग्रहात गुरुजींनी नोकरी सोडली आणि ते तुरुंगात गेले. धुळ्यानंतर त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतील सत्याग्रह्यांचा सहवास घडला; तेथे तमिळचा अभ्यास झाला आणि पुढील आंतरभारतीचे बीज पडले. १९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. फेब्रुवारी ते जून या महिन्यांत दर रविवारी विनोबांनी तेथे गीतेवर प्रवचने केली आणि ती गुरुजींनी टिपून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्याला उपलब्ध आहे तो या लेखणीमुळे. वाङ्मयीन दृष्ट्या ही घटना फार महत्त्वाची आहे. स्वतः कथन करणारा लेखक काही महिने निव्वळ श्रोता झाला, आणि बोललेला शब्द कागदावर उतरताना त्याचा जिवंतपणा कसा टिकवावा याचा अभ्यास त्याला आपोआप घडला.

त्यानंतर वर्षभरातच ‘श्यामची आई’ लिहून झाली. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लेखनाला आरंभ झाला आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे ते हातावेगळे झाले. ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच दिवसांत पुस्तक लिहिले याचे आपण नवल करतो. पण त्याची तयारी छात्रालयात सहा वर्षे चालली होती. ग्रंथाची रचना पाहावी. प्रकरणांना रात्री म्हटले आहे. आश्रमात सायंप्रार्थनेनंतर मित्र जमतात आणि श्याम आईच्या आठवणी सांगतो. श्रोते मधून विचारतात, गहिवरतात, उद्या पुन्हा येतात. कोकणातील रीतीभाती श्याम थांबून समजावून देतो, कारण ऐकणारे कोकणातले नाहीत. पत्रावळ लावायला शिकणे, पोहायला घाबरणे, भाजीत मीठ नसूनही ती मुकाट्याने खाणारे वडील, न्हाल्यावर पाय मळू नयेत म्हणून आईने पसरलेला पदर. प्रसंग सारे घरातल्या रोजच्या जगण्यातले. श्याम ज्यांच्याशी बोलतो त्या मंडळींत अमळनेरची मुले बसलेली आहेत, असे मला वाटते. गोष्ट पालगडची, पण ऐकणारे कान खानदेशचे. या दोहोंतील अंतरामुळेच निवेदनाला स्पष्टीकरणाची गरज पडली, आणि त्या गरजेतून ते महाराष्ट्रातील कोणत्याही मुलाला कळेल असे झाले.

अश्रूंचा आक्षेप टाळता येत नाही. गुरुजींच्या लेखनात रडणे फार आहे, हे खरेच आहे. मात्र तो आक्षेप त्यांच्या सर्व लेखनाला सारखा लागू पडत नाही. जेथे ऐकणारा समोर आहे तेथे भावनेला प्रसंगाची वेसण राहते. ‘क्रांती’ किंवा ‘आस्तिक’ यांसारख्या कादंबऱ्यांत तो समोर नाही. तेथे पात्रे बोलू लागली की व्याख्यान होते आणि भावना सैल पडते. ‘धडपडणारी मुले’ या दोहोंच्या मध्ये उभी आहे, म्हणून ती अजून वाचवते. परकीय वाङ्मयातून केलेल्या ‘दुःखी’, ‘मनूबाबा’, ‘सोराब आणि रुस्तुम’ या रूपांतरांत पुन्हा तो गोष्ट सांगणारा शिक्षक भेटतो. ह्यूगो आणि जॉर्ज एलियट यांची नावे ठाऊक नसलेल्या मुलांना त्याने त्यांच्या गोष्टी दिल्या.

वाचकांच्या प्रेमाची एक किंमतही त्यांना द्यावी लागली. श्याम म्हणजेच गुरुजी, असे समीकरण वाचकांनी धरले आणि श्यामला आईच्या पदराबाहेर जाऊ दिले नाही. ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’, ‘श्यामचा जीवनविकास’ या ग्रंथांत वयात येणारा मुलगा आहे: परक्या गावी राहणारा, पोटासाठी मिंधा होणारा, मैत्रीसाठी आसुसलेला, स्वतःविषयी शंका घेणारा. कुमारवयाचे असे प्रांजळ चित्रण त्या काळच्या मराठीत विरळाच. तरीही ‘श्यामची आई’च्या तुलनेत हे ग्रंथ फार कमी वाचले गेले. आम्ही प्राध्यापक मंडळीही या दोषातून मुक्त नाही; आत्मपर लेखनाच्या चर्चेत आपण त्यांना क्वचितच आणतो.

१९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यासाठी गुरुजींनी खानदेशातील खेडी पायाखाली घातली. १९३८ मध्ये अमळनेरहून त्यांनी ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढले. शेतकरी आणि गिरणी कामगार यांच्या लढ्यांत ते पडले. १९४२ च्या आंदोलनात भूमिगत झाले आणि पुढे पुन्हा तुरुंगवास आला. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ पासून त्यांनी केलेले उपोषण दहा दिवस चालले. या सार्वजनिक पर्वाविषयी विपुल लिहिले गेले आहे, म्हणून ते येथे विस्ताराने सांगत नाही.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू झाले. १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. बाहेर हे चालू असता ते पुतणी सुधा हिला पत्रे लिहीत होते आणि ती ‘साधने’त छापली जात होती, ‘सुंदर पत्रे’ या नावाने ती पुढे ग्रंथरूप झाली. फुले, पक्षी, पाऊस, प्रवासात भेटलेली माणसे, नुकतेच वाचलेले पुस्तक, जगातील घडामोडी असे काहीही त्यांत येते. या पत्रांचा घाट ‘छात्रालय दैनिका’शी किती जुळतो, हे आजवर कोणी तपशिलाने दाखविलेले माझ्या वाचनात नाही. दोहोंत लेखकाला एक ओळखीचे मूल पुरते आणि त्याच्या आडून सारे वाचक ऐकतात. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांना ग्रासणारी निराशा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पत्रांतील प्रसन्नता कोड्यासारखी वाटेल. मला तीत कर्तव्य दिसते. मुलांसमोर जाताना चेहरा पुसून जाण्याची छात्रालयातील सवय दिसते.

११ जून १९५० रोजी गुरुजींनी आपले जीवन स्वतःच्या हाताने संपविले. वय पन्नास. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली आणि तिला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यांच्या चाहत्यांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली आणि शाळाशाळांतून मुलांना गोष्टी सांगायला आरंभ केला. वाचणारे सांगणारे झाले. गोष्ट रंगली की नाही, हे त्यांनाही समोरच्या चेहऱ्यांवरूनच कळत असे.