जुन्या मोटारसायकलचा चिमटा आणि आल्फ्रेड स्कॉट

पुणे-सातारा महामार्गावर सारोळ्याजवळ, नीरेच्या पुलाआधी, एखादी जुनी बीएसए किंवा बुलेट दिसली की नजर टाकीवरच्या नावाकडे जाते. जाणकार आधी पुढचं चाक पाहतो. मेस्त्री ज्याला चिमटा म्हणतात, तो फोर्क गाडीचं वय बरंचसं सांगतो.

हँडलखाली मध्यभागी एकच स्प्रिंग आणि खाली चाकापर्यंत नळ्यांची ताठ चौकट असेल, तर तो गर्डर. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६-एच गाड्यांना हाच होता. दोन्ही बाजूंना सरळ, जाड नळ्या आणि त्या एकमेकींत सरकत असतील, तर तो टेलिस्कोपिक, म्हणजे आजचे शॉकअप. १९४९ च्या बुलेटला हाच आला. मागून चाकाला कवेत घेणारा दांडा आणि बाजूला दोन शॉकअप दिसले, तर अर्ल्स. १९५५ नंतरच्या बीएमडब्ल्यूवर तो असायचा.

यावरून गर्डर म्हणजे जुना आणि टेलिस्कोपिक म्हणजे युद्धानंतरचा, असा ठोकताळा बसतो. तो चुकतो तो आल्फ्रेड अँगस स्कॉटमुळे.

स्कॉटचा जन्म १८७५ चा, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा. बोटींच्या इंजिनांवर हात बसलेला हा माणूस टू-स्ट्रोकच्या मागे लागला. १९०८ मध्ये त्याने जी मोटारसायकल आणली तिला दोन सिलिंडर, पाण्याने थंड होणारे हेड आणि किक होती; पुढे नळीत नळी सरकणारा फोर्कही होता. तेलाने धक्के शोषण्याची सोय मात्र त्यात नव्हती. ती मोटारसायकलला बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये दिली. म्हणजे कल्पना जवळजवळ सत्तावीस वर्षं आधीची.

गाडी इतकी पळाली की चार-स्ट्रोकवाल्यांनी तक्रार केली. स्पर्धेत स्कॉटच्या इंजिनाची क्षमता १.३२ ने गुणून मोजायची, असं ठरलं. नियम बनवून हरवायचा प्रयत्न तो! तरीही १९१२ आणि १९१३ ची सीनियर टीटी स्कॉटनेच जिंकली.

पहिल्या महायुद्धानंतर त्याने आपलीच कंपनी सोडली आणि सोशिएबल नावाची तीनचाकी काढली. ती फारशी खपली नाही. गुहा धुंडाळण्याचा त्याला नाद होता. अशाच एका फेरीनंतर तो ओल्या कपड्यांत गाडी चालवत घरी आला, न्यूमोनिया झाला आणि १९२३ मध्ये, पन्नाशीच्या आत, तो गेला.

म्हणून जुनी गाडी विकत घेताना फक्त चिमट्यावर किंमत ठरवू नये. गर्डर काढून टेलिस्कोपिक बसवलेल्या गाड्याही रस्त्यावर आहेत. चॅसिस आणि इंजिनचा नंबर कागदांशी ताडून पाहावा, मगच पैसे मोजावेत.