विश्लेषण : निर्णय संगणकाचा की माणसाचा? हर्बर्ट सायमन यांनी मांडलेला प्रश्न आजही कळीचा का?

कर्जाचा अर्ज मंजूर करावा का, गोदामात किती माल ठेवावा, कोणत्या रुग्णाकडे डॉक्टरांनी आधी लक्ष द्यावे, अशा अनेक बाबतींत आज संगणक सल्ला देतो आणि सही माणूस करतो. अशा यंत्रणांना ‘निर्णय-साहाय्य प्रणाली’ म्हणतात. त्यांवर काम करणाऱ्या संशोधकांचा आंतरराष्ट्रीय समुदाय चार दशकांहून अधिक काळ कार्यरत आहे. या विद्याशाखेला तिची मूलभूत परिभाषा देणारे हर्बर्ट सायमन मात्र शिक्षणाने राज्यशास्त्राचे अभ्यासक होते. अर्थशास्त्राचे नोबेल आणि संगणकशास्त्राचा ट्युरिंग पुरस्कार हे दोन्ही त्यांना मिळाले. निर्णय घेताना माणूस कुठे कमी पडतो, हे त्यांनी आयुष्यभर अभ्यासले. ती उणीव यंत्राने किती भरून काढावी, या प्रश्नावर मात्र त्यांच्याच वारसदारांनी वेगळी वाट धरली.

कोण होते हर्बर्ट सायमन?

सायमन यांचा जन्म १५ जून १९१६ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात झाला. वडील जर्मनीहून आलेले विद्युत अभियंता, आई पियानोवादक. आईचे धाकटे बंधू हॅरल्ड मर्केल अर्थशास्त्र शिकलेले होते. ते तरुणपणीच वारले, पण त्यांची पुस्तके घरात राहिली. त्या पुस्तकांमुळे, माणसाच्या वागण्याचाही शास्त्रासारखा अभ्यास करता येतो, हे हर्बर्ट यांना शाळकरी वयातच उमगले. त्यांना जीवशास्त्राची ओढ होती, पण रंगांधळेपणामुळे आणि प्रयोगशाळेत हात नीट चालत नसल्याने त्यांनी तो विचार सोडला. १९३३ मध्ये ते शिकागो विद्यापीठात दाखल झाले. तेथे राज्यशास्त्र शिकतानाच गणित, तर्कशास्त्र आणि अर्थशास्त्राचाही त्यांनी कसून अभ्यास केला.

मिलवॉकीच्या मैदानांत त्यांना काय दिसले?

विद्यार्थिदशेत, १९३५ च्या सुमारास, सायमन यांनी आपल्याच शहरातील क्रीडांगणांच्या कारभाराचा अभ्यास हाती घेतला. मैदाने दोन यंत्रणांच्या ताब्यात होती. मुलांना खेळवणारे शिक्षक नेमण्याचे काम शाळा मंडळाकडे, तर मैदानांच्या देखभालीचे काम शहराच्या बांधकाम विभागाकडे. पैसा मर्यादित होता. मग तो शिक्षकांवर किती आणि देखभालीवर किती खर्च करायचा?

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात याचे उत्तर तयार होते. पुढचा डॉलर जिथे जास्त उपयोगी पडेल तिथे तो खर्च करावा. प्रत्यक्षात मात्र असा हिशेब कोणीच करत नव्हते, आणि तो करणे शक्यही नव्हते. शाळा मंडळाला शिक्षकांचे महत्त्व पटलेले, तर बांधकाम विभागाला कुंपण आणि गवताचे. जो जिथे बसलेला, तिथून दिसेल तेवढ्यावरच त्याचा निर्णय ठरत होता. अधिकारी मूर्ख किंवा आळशी नव्हते. सगळे पर्याय आणि त्यांचे सगळे परिणाम तोलण्याइतकी माहिती, वेळ आणि बुद्धीची क्षमता कोणाकडेच नव्हती. एका गावातल्या मैदानांचा हा किरकोळ वाटणारा तंटा सायमन यांच्या पुढच्या साऱ्या संशोधनाचे बीज ठरला.

‘मर्यादित विवेकशीलता’ म्हणजे काय?

१९३६ मध्ये पदवी मिळाल्यावर सायमन नगरपालिकांच्या कामाचे मोजमाप कसे करावे, या विषयाकडे वळले. १९३९ ते १९४२ या काळात त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधन गटाचे नेतृत्व केले. तिथली नोकरी सांभाळूनच त्यांनी शिकागोसाठी प्रबंध लिहिला आणि १९४३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याच प्रबंधातून १९४७ चे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह बिहेविअर’ हे पुस्तक आकाराला आले. संस्था म्हणजे कोणी कोणाच्या हाताखाली आहे, याचा तक्ता नव्हे. निर्णय कुठे होतो, कोणत्या माहितीवर होतो आणि ती माहिती कोणामार्फत पोहोचते, यावरून संस्था ओळखावी, अशी या पुस्तकाची मांडणी होती.

१९५० च्या दशकात त्यांनी हा विचार गणिती रूपात मांडला. घर शोधणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घेता येईल. शहरातले प्रत्येक घर पाहून, त्यांना गुण देऊन, सर्वोत्तम घर कोणीच निवडत नाही. बजेट, शाळेचे अंतर, पाण्याची सोय अशा चार अटी मनात असतात. त्यांत बसणारे पहिले घर दिसले की शोध थांबतो. बरीच घरे पाहूनही काही जमले नाही, तर अटी सैल होतात. सर्वोत्तमाऐवजी पुरेसे चांगले ते स्वीकारण्याच्या या पद्धतीसाठी सायमन यांनी इंग्रजीत ‘सॅटिस्फायसिंग’ ही संज्ञा रूढ केली, आणि त्यामागच्या मानवी मर्यादेला ‘बाउंडेड रॅशनॅलिटी’ म्हणजेच मर्यादित विवेकशीलता असे नाव दिले. ग्राहक आणि उद्योजक नेहमी कमाल लाभाचा अचूक हिशेब करतात, या अर्थशास्त्राच्या गृहीतकालाच हा धक्का होता.

संगणकाशी गाठ कशी पडली?

१९४९ मध्ये सायमन पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत नव्या व्यवस्थापन विद्यालयाच्या उभारणीसाठी आले. हीच संस्था पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठ झाली आणि सायमन अखेरपर्यंत तिथेच राहिले. १९५२ मध्ये रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत सल्लागार म्हणून काम करताना त्यांची अ‍ॅलन न्यूएल या तरुण संशोधकाशी भेट झाली. हवाई संरक्षण केंद्रातील कर्मचारी निर्णय कसे घेतात, याचा तिथे अभ्यास सुरू होता. त्यासाठी लागणारे रडारचे नकाशे एका गणकयंत्राकडून छापून घेतले जात. आकडेमोडीसाठी बनवलेले यंत्र नकाशावरचे ठिपकेही मांडू शकते, म्हणजे ते चिन्हे हाताळू शकते. मग ते विचारही करू शकेल का? या प्रश्नाने दोघांना झपाटले.

१९५५ च्या अखेरीस, नाताळच्या सुमारास, त्यांनी ‘लॉजिक थिअरिस्ट’ या प्रोग्रॅमचा आराखडा पूर्ण केला. तो यंत्रावर चालण्याआधी सायमन यांनी आपली पत्नी डोरोथिआ, तिन्ही मुले आणि काही विद्यार्थ्यांना जमवून प्रत्येकाच्या हाती एकेक कार्ड दिले. प्रत्येकाने आपल्या कार्डावरच्या सूचनेप्रमाणे वागायचे. म्हणजे माणसांनीच प्रोग्रॅमचे भाग व्हायचे. रँडमधील क्लिफ शॉ यांच्या मदतीने १९५६ मध्ये हा प्रोग्रॅम संगणकावर चालला. बर्ट्रांड रसेल आणि आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणातील पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ त्याने सिद्ध केली. एका प्रमेयाची सिद्धता तर मूळ ग्रंथातल्यापेक्षा सुटसुटीत होती. त्या उन्हाळ्यात डार्टमथ येथे झालेल्या, कृत्रिम बुद्धिमत्तेची सुरुवात मानल्या जाणाऱ्या बैठकीत चालू प्रोग्रॅम दाखवण्याजोगी तयारी न्यूएल आणि सायमन यांचीच होती.

निर्णय-साहाय्य प्रणालींचा जन्म कसा झाला?

१९६० मध्ये सायमन यांचे ‘द न्यू सायन्स ऑफ मॅनेजमेंट डिसिजन’ हे छोटेखानी पुस्तक आले. निर्णय म्हणजे शेवटचा होकार किंवा नकार नव्हे, असे त्यांनी त्यात दाखवले. आधी निर्णयाची गरज कुठे आहे हे हेरावे लागते, मग पर्याय तयार करावे लागतात आणि त्यानंतर निवड येते. बहुतेकांचे लक्ष तिसऱ्या टप्प्यावर असते, पण वेळ आणि कष्ट पहिल्या दोन टप्प्यांत जातात. निर्णयांचे दोन प्रकारही त्यांनी वेगळे केले. पगारपत्रक किंवा साठ्याची फेरमागणी यांसारखे नेहमीचे, नियमांत बसवता येणारे निर्णय एका टोकाला; नवे उत्पादन आणावे का, यासारखे एकदाच येणारे, कोणत्याही साच्यात न बसणारे निर्णय दुसऱ्या टोकाला.

या दोन टोकांच्या मधल्या जागेत निर्णय-साहाय्य प्रणालीचा जन्म झाला. मायकेल स्कॉट मॉर्टन यांनी १९६७ मधील हार्वर्डच्या प्रबंधासाठी, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या उत्पादनाचे नियोजन करणारे व्यवस्थापक पडद्यावर आकडे आणि आलेख पाहून एकत्र निर्णय कसे घेतात, याचा अभ्यास केला. १९७१ मध्ये अँथनी गॉरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी ‘स्लोन मॅनेजमेंट रिव्ह्यू’तील लेखात सायमन यांची विभागणी आणि रॉबर्ट अँथनी यांचे व्यवस्थापनाचे स्तर एकत्र गुंफले आणि ‘डिसिजन सपोर्ट सिस्टीम’ ही संज्ञा पुढे आणली. जे निर्णय अर्धे नियमांत बसतात आणि अर्धे माणसाच्या समजेवर सोडावे लागतात, तिथे संगणकाने हिशेब करावा आणि कौल माणसाने द्यावा, हा त्यामागचा विचार होता.

संशोधकांचा समुदाय कसा उभा राहिला?

पुढच्या दशकभरात या विचाराला संस्थात्मक रूप मिळाले. पीटर कीन आणि स्कॉट मॉर्टन यांचे पुस्तक १९७८ मध्ये आले. १९८१ मध्ये अटलांटा येथे या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. माहिती प्रक्रियेसाठीच्या ‘इफिप’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याच वर्षी निर्णय-साहाय्यासाठी ८.३ क्रमांकाचा कार्यगट स्थापन केला. शीतयुद्धाच्या काळात पूर्व आणि पश्चिमेकडील शास्त्रज्ञांना एकत्र आणणारी ‘इयासा’ ही संस्था व्हिएन्नाजवळच्या लॅक्सनबर्ग येथे होती. १९८२ मध्ये या कार्यगटाची कार्यपरिषद तिथेच भरली. १९८५ पासून ‘डिसिजन सपोर्ट सिस्टीम्स’ हे शोधनियतकालिक निघू लागले. प्रणाली बांधणारे अभियंते, माणसाच्या चुका अभ्यासणारे मानसशास्त्रज्ञ आणि त्या वापरणारे व्यवस्थापक यांना एका मेजावर आणणे, हे या समुदायाचे महत्त्वाचे काम. या विषयाला एकच एक विद्याशाखा पुरत नाही, हे सायमन यांनी आपल्या वाटचालीतून आधीच दाखवून दिले होते.

सायमन यांची भाकिते कुठे चुकली?

मात्र सायमन स्वतः साहाय्याच्या पुढे जाऊ पाहत होते. संगणक दहा वर्षांत बुद्धिबळाचा जगज्जेता होईल, असे भाकीत त्यांनी १९५७ मध्ये केले. ते खरे ठरायला चार दशके लागली. आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने गॅरी कास्पारोव्ह यांना १९९७ मध्ये हरवले. माणूस करू शकतो ते कोणतेही काम यंत्रे वीस वर्षांत करू शकतील, असे त्यांनी १९६५ मध्ये लिहिले. तेही घडले नाही. तत्त्वज्ञ ह्यूबर्ट ड्रेफस यांनी या आशावादावर कठोर टीका केली. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाम यांनी १९७६ मध्ये वेगळाच मुद्दा मांडला. यंत्राला एखादा निर्णय घेता आला तरी तो त्याच्यावर सोपवावा का, असे त्यांनी विचारले.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० च्या दशकात बनलेली ‘मायसिन’ ही प्रणाली जंतुसंसर्गावरील औषधे सुचवण्यात चाचण्यांमध्ये तज्ज्ञांच्या तोडीस तोड ठरली. तरीही ती रोजच्या वैद्यकीय वापरात आली नाही. सल्ला चुकला तर जबाबदार कोण, हा त्यामागचा एक पेच होता. निर्णय-साहाय्याच्या अभ्यासकांनी सायमन यांच्याकडून माणसाच्या मर्यादांचे निदान घेतले. पण यंत्र माणसाची जागा घेईल, हे त्यांचे भाकीत बाजूला ठेवले. विद्याशाखेच्या नावातला ‘साहाय्य’ हा शब्द तीच भूमिका सांगतो.

माहिती वाढली की निर्णय सुधारतो का?

सायमन यांचे याला उत्तर नकारार्थी होते. माहिती ऐकणाऱ्याचे लक्ष खाते; म्हणून माहितीचा सुकाळ झाला की लक्षाचा दुष्काळ पडतो, असे त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. व्यवस्थापकासमोर आणखी अहवाल ओतणारी यंत्रणा त्यांच्या दृष्टीने निरुपयोगी होती. बरेचसे गाळून थोडेच पुढे पाठवणारी यंत्रणा खरी कामाची.

तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेचेही त्यांनी गूढ उकलले. विल्यम चेस यांच्यासह १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निष्णात बुद्धिबळपटूंना पट पाच सेकंद दाखवला. डाव खरा असेल तर त्यांना बहुतेक सोंगट्यांच्या जागा आठवत. सोंगट्या वाटेल तशा मांडल्या की त्यांची आघाडी जवळजवळ संपे. म्हणजे तज्ज्ञाची स्मरणशक्ती अचाट नसते. वर्षानुवर्षांच्या सरावाने हजारो मांडण्या त्याच्या ओळखीच्या झालेल्या असतात.

आज या वारशाचे महत्त्व काय?

१९७५ मध्ये न्यूएल यांच्यासह ट्युरिंग पुरस्कार आणि १९७८ मध्ये आर्थिक संस्थांमधील निर्णयप्रक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल मिळाल्यानंतरही सायमन शिकवत आणि लिहीत राहिले. ९ फेब्रुवारी २००१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, पिट्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

आजची कृत्रिम बुद्धिमत्ता त्यांची भाकिते उशिरा का होईना खरी करील, असे अनेकांना वाटते. पण त्यांनी दाखवलेली मानवी मर्यादा यंत्र आल्याने संपत नाही. यंत्राचा सल्ला समोर असला की माणूस स्वतः तपासणे सोडतो, हे वैमानिकांपासून डॉक्टरांपर्यंत अनेकांच्या अभ्यासात आढळले आहे. घाईच्या वेळी पडद्यावरचे उत्तर ‘पुरेसे चांगले’ वाटते आणि शोध तिथेच थांबतो. त्यामुळे सही माणसाची असली तरी निर्णय त्याचाच होता का, हा प्रश्न उरतो. मिलवॉकीतल्या अधिकाऱ्यांप्रमाणे आपणही, जिथे बसलो आहोत तिथून दिसेल तेवढेच पाहतो. ते दृश्य आता संगणक ठरवत असेल, तर त्याने काय दाखवले याइतकेच काय गाळले, हेही विचारावे लागेल.