मदर आना डेंगेल

वांद्र्याचे होली फॅमिली रुग्णालय आपल्या उपनगरांतील कोणास ठाऊक नाही? परंतु पूर्वी ते चालविणाऱ्या मेडिकल मिशन भगिनींच्या संस्थापिकेचे चरित्र थोड्यांसच ठाऊक असेल.

मदर डेंगेल १८९२ साली ऑस्ट्रियातील टिरोल प्रांती जन्मल्या. आयर्लंडात कॉर्क येथे वैद्यकीची पदवी घेऊन १९२० साली त्या रावळपिंडीस आल्या. तेथील पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरास शिवू देत नसत. कितीएक माता प्रसूतीतच दगावत. एकटी डॉक्टरीण कोठवर पुरणार? आयुष्य वाहिलेल्या आणि रीतसर शिकलेल्या भगिनींचा संघच हवा होता. पण व्रतस्थ भगिनींनी वैद्यकी व सुईणपण करण्यास त्या काळी ख्रिस्तसभेचा निर्बंध होता. मदरांनी आज्ञा मोडली नाही आणि स्वस्थही बसल्या नाहीत. १९२५ साली वॉशिंग्टन येथे चौघींनी संघ स्थापिला. दोघी डॉक्टर, दोघी परिचारिका. परिचारिकेस डॉक्टरच्या बरोबरीचे हे स्थान मला विशेष वाटते. जाहीर व्रतांवाचून त्यांनी अकरा वर्षे सेवा केली. अखेर १९३६ साली रोमने निर्बंध उठविला, एवढेच नव्हे तर भगिनींनी वैद्यकीच्या व परिचर्येच्या पदव्या घ्याव्यात असे सुचविले. पुढे पाटणा, दिल्ली येथे संघाच्या रुग्णालयांतून परिचारिका शिकून बाहेर पडू लागल्या.

१९८० साली मदर रोम येथे प्रभूच्या स्वाधीन झाल्या.