विश्लेषण : सरकारी पद सोडून गोदी कामगारांच्या बाजूने उभे राहिलेले माहितीपटकार योरिस ईव्हन्स कोण होते?

कॅमेऱ्याने नुसते पाहायचे की बाजूही घ्यायची, हा माहितीपटांतील जुना वाद. डच माहितीपटकार योरिस ईव्हन्स (1898-1989) यांनी आयुष्यभर बाजू घेतली आणि त्याची किंमतही मोजली.

सुरुवात कशी झाली?

नेदरलँड्समधील नाइमेखन शहरात जन्मलेल्या ईव्हन्स यांच्या घरचा कॅमेरे विकण्याचा व्यवसाय होता. ‘ब्रिज’ (1928) आणि ‘रेन’ (1929) या लघुपटांनी त्यांना नाव मिळाले. मात्र, पूल आणि पावसाच्या देखण्या दृश्यांत ते रमले नाहीत. समुद्र हटवून शेतजमीन तयार करणाऱ्या मजुरांवरील ‘न्यू अर्थ’च्या (1933) शेवटी त्यांनी मंदीतील विसंगती दाखवली. एकीकडे लोक उपाशी, तर दुसरीकडे भाव टिकवण्यासाठी धान्याची नासाडी.

‘बोरिनाज’ महत्त्वाचा का?

बेल्जियमच्या बोरिनाज कोळसापट्ट्यात 1932 मध्ये मोठा संप झाला. त्यानंतर आंरी स्टोर्क यांच्यासह ईव्हन्स यांनी पोलिसांची नजर चुकवून तेथे चित्रीकरण केले. घरातून हुसकावलेली कुटुंबे आणि कोळशाच्या ढिगांशेजारी थंडीत कुडकुडणारे खाणकामगार त्यात दिसतात. गरिबीचे चित्र सुंदर दिसू नये, याची त्यांनी मुद्दाम काळजी घेतली. 1937 मध्ये त्यांनी स्पेनच्या यादवीवर ‘द स्पॅनिश अर्थ’ केला. त्याचे निवेदन अर्नेस्ट हेमिंग्वे यांचे होते.

सरकारशी का बिनसले?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डच ईस्ट इंडीजच्या सरकारने त्यांना चित्रपट आयुक्त नेमले. 17 ऑगस्ट 1945 रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि डचांनी पुन्हा ताबा मिळवण्याची तयारी सुरू केली. तेव्हा ऑस्ट्रेलियात असलेल्या ईव्हन्स यांनी राजीनामा दिला आणि ‘इंडोनेशिया कॉलिंग’ (1946) तयार केला. डच जहाजांवर शस्त्रे व माल चढवण्यास नकार देणाऱ्या गोदी कामगारांची ही गोष्ट. या बहिष्कारात भारतीय खलाशीही सामील होते. पुढे अनेक वर्षे पासपोर्टसाठी डच सरकारने ईव्हन्स यांची अडवणूक केली.

टीका कोणती?

साम्यवादी राजवटींबाबत ते डोळस राहिले नाहीत, हा आक्षेप गंभीर आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळातील चीनवर त्यांनी मार्सेलीन लोरिदां यांच्यासह सुमारे 12 तासांची चित्रपटमालिका केली (1976). त्या काळातील दडपशाहीकडे तिने दुर्लक्ष केल्याची टीका झाली.

शेवट काय झाला?

1985 मध्ये डच सांस्कृतिक मंत्र्यांच्या हस्ते ‘गोल्डन काफ’ हा पुरस्कार देण्यात आला आणि चार दशकांचा दुरावा संपला. 28 जून 1989 रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. वसाहतीच्या प्रश्नावर ते आपल्या सरकारच्या विरोधात उभे राहिले, पण साम्यवादी सत्तांना तितके कठोर प्रश्न त्यांनी विचारले नाहीत. त्यामुळे त्यांचे चित्रपट आजही या दोन्ही बाजू लक्षात घेऊनच पाहावे लागतात.