सेनापती थोरात

सैनिकाची थोरवी त्याने जिंकलेल्या लढायांवरून मोजण्याची जगाची रीत आहे. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांनी लढाई गाजविली नव्हती असे नाही. परंतु ज्या कामगिरीमुळे त्यांचे नाव परदेशांत पोहोचले, ती शत्रूला जिंकण्याची नव्हती, दोन शत्रूंच्या मध्ये उभे राहण्याची होती.

शंकररावांचा जन्म १९०६ साली कोल्हापूर भागातील वडगाव येथे झाला. इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या प्रसिद्ध लष्करी विद्यालयात शिक्षण घेऊन १९२६ साली ते सैन्यात अधिकारी झाले. त्या काळी हिंदी तरुणाला असा मान क्वचितच मिळे. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या जानेवारीत, ब्रह्मदेशातील कांगॉ येथे जपानी सैन्याशी घनघोर झुंज झाली. तेथे एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व हिंदी अधिकाऱ्यांकडे होते. थोरात, थिमय्या आणि सेन हे ते तिघे. आपल्या पलटणीतील अनेक जवान त्या टेकडीवर पडलेले थोरातांनी डोळ्यांनी पाहिले. त्या शौर्याबद्दल त्यांना मोठे पदक मिळाले खरे. पण युद्धाची किंमत काय असते, हेही त्यांना तेथेच कळले असावे.

पुढे देश स्वतंत्र झाला. १९५० साली कोरियात युद्ध पेटले आणि २७ जुलै १९५३ रोजी ते थांबले. युद्ध थांबले तरी एक अवघड प्रश्न शिल्लक राहिला. बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियाई कैदी आपल्या घरी परत जावयास तयार नव्हते. त्यांना बळाने पाठवावे, की त्यांच्या इच्छेस मान द्यावा? दोन्ही पक्षांचा विश्वास बसेल असे राष्ट्र म्हणून भारताची निवड झाली. पाच राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद थिमय्यांकडे आले आणि कैद्यांचा सांभाळ करणाऱ्या सुमारे सहा हजार भारतीय सैनिकांचे नेतृत्व थोरातांकडे. ब्रह्मदेशातील जुने सोबती पुन्हा एकत्र आले, पण या वेळी काम निराळे होते.

दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांना तर भारतीयांचे पाऊलही आपल्या भूमीवर नको होते. म्हणून आपल्या जवानांना हेलिकॉप्टरांतून निःशस्त्र पट्ट्यात उतरावे लागले. तेथे तंबूंचे एक गावच उभे राहिले. त्याचे नाव हिंदनगर. छावणी काही केवळ लढणाऱ्यांचीच असते असे नाही. आपल्या कल्याणजवळची लष्करी छावणीही फाळणीनंतर निर्वासितांचे घर झाली आणि तिचेच उल्हासनगर बनले, हे तुम्हांस ठाऊक असेलच.

सप्टेंबरच्या अखेरीस कैद्यांच्या एका जमावाने एका भारतीय मेजरला काटेरी कुंपणाआड ओढून नेले. बंदुका चालविल्या असत्या तर मेजरचे प्राण गेले असते, शेकडो कैदी मेले असते आणि मोठ्या कष्टाने झालेला तहही कदाचित मोडला असता. न चालवाव्यात तर शिस्त कोण पाळणार? थोरात मूठभर अधिकाऱ्यांसह त्या खवळलेल्या जमावात शिरले. त्यांनी आवाज चढविला नाही की धमकी दिली नाही. कैद्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि आपले शांतपणे सांगितले. हळूहळू क्षोभ ओसरला व मेजरची सुटका झाली. पुढे एकदोन प्रसंगी पहारेकऱ्यांना गोळीबार करावा लागला आणि काही कैदी दगावले, हेही सांगितले पाहिजे. परंतु मोठा रक्तपात टळला. ज्यांना दोन्हीपैकी कोणत्याही बाजूस जावयाचे नव्हते असे ८८ कैदी १९५४ साली भारतीय सैन्याबरोबर आपल्या देशात आले. थोरातांना पद्मश्री आणि दुसऱ्या वर्गाचे अशोकचक्र देऊन सरकारने त्यांचा गौरव केला.

यानंतर त्यांच्या आयुष्यात फार कठीण प्रसंग आला. १९५७ साली ते लखनौ येथे पूर्व विभागाचे सेनापती झाले. चीनशी आपला १९५४ चा मैत्रीचा करार होता आणि चीन युद्ध करणार नाही, असा दिल्लीचा विश्वास होता. सीमेवरील हालचाली पाहून थोरातांना तसे वाटेना. १९५९ साली त्यांनी सविस्तर टिपण लिहिले. विखुरलेल्या चिमुकल्या चौक्यांनी प्रबळ सैन्य अडणार नाही, रस्ते व रसद यांची सोय हवी आणि जेथे आपले बळ पोहोचते तेथेच ठाण मांडावे, असे त्यांनी त्यात मांडले. थिमय्यांना ते पटले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी मात्र ते बाजूस सारले आणि थोरातांना युद्धखोर ठरविले. हजारो शत्रूंचे प्राण जपणाऱ्या माणसाच्या वाट्यास हे विशेषण यावे, याचे मला नेहमी नवल वाटते!

थोरातांनी आपले म्हणणे सोडले नाही. १९६० साली त्यांनी लखनौ येथे नकाशांवर एक लष्करी सराव घेऊन संभाव्य आक्रमणाचे चित्र पुन्हा मांडले. त्याचे नाव लाल किल्ला. थिमय्यांनी आपल्या जागी त्यांचे नाव सुचविले होते. तरीही १९६१ साली सरसेनापतिपद दुसऱ्याकडे गेले आणि थोरात निवृत्त झाले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. आपले सैन्य अपुऱ्या कपड्यांत, अपुऱ्या दारूगोळ्यानिशी लढले आणि मागे हटले. पुढे पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना बोलावून ते टिपण मागविले. ते आपल्यापुढे आलेच नव्हते असे नेहरूंनी म्हटल्याचे थोरातांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. तक्रार न करता ते पुढेही राष्ट्रीय संरक्षण मंडळात सल्ला देत राहिले. १९९२ साली त्यांचे निधन झाले.