डेव्हिड लिव्हिंग्स्टन

डेव्हिड लिव्हिंग्स्टन (जन्म : ब्लँटायर, स्कॉटलंड, १९ मार्च १८१३, मृत्यू : चितांबोचे गाव, आजचा झांबिया, १ मे १८७३) हे स्कॉटिश ख्रिस्ती धर्मप्रचारक, डॉक्टर आणि आफ्रिकेच्या अंतर्भागाचे संशोधक प्रवासी होते. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध युरोपात लोकमत जागे करणाऱ्यांत त्यांची गणना होते. त्यांच्या अखेरच्या प्रवासाची तयारी मुंबईत झाली. त्या प्रवासात मुंबईचे शिपाई, भारतीय म्हशी आणि नाशिकजवळच्या शरणपूर येथे वाढलेले आफ्रिकी तरुण त्यांच्यासोबत होते. महाराष्ट्राशी असलेला हा संबंध मराठी वाचकांना फारसा परिचित नाही.

== बालपण व शिक्षण ==
लिव्हिंग्स्टन यांचा जन्म गरीब कुटुंबात झाला. दहाव्या वर्षापासून ते कापडगिरणीत काम करू लागले आणि कामाचे तास संपल्यावर रात्रीच्या शाळेत शिकले. १८३६ पासून ग्लासगो येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. १८३८ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने त्यांना उमेदवार म्हणून स्वीकारले. त्यांना चीनला जायचे होते. परंतु अफूच्या युद्धामुळे ती वाट बंद झाली. दक्षिण आफ्रिकेतील ज्येष्ठ मिशनरी रॉबर्ट मोफात यांच्या भेटीनंतर त्यांनी आफ्रिकेची निवड केली. डिसेंबर १८४० मध्ये ते निघाले आणि पुढील वर्षी जुलैअखेर मोफात यांच्या कुरुमान येथील ठाण्यावर पोहोचले.

== माबोत्सा येथील सिंह ==
कुरुमानच्या उत्तरेस माबोत्सा येथे त्यांनी नवे ठाणे उभारले. तेथील बक्गात्ला लोकांची सारी संपत्ती म्हणजे गुरे. सिंह रात्री गोठ्यात शिरून गुरे मारीत. पुढे ते दिवसाही येऊ लागले, तेव्हा आपल्यावर कुणी करणी केली आहे अशी लोकांची समजूत झाली. कळपातला एक सिंह मारला गेला की उरलेले तो मुलूख सोडून जातात, असा अनुभव होता. म्हणून १६ फेब्रुवारी १८४४ रोजी लिव्हिंग्स्टन गावकऱ्यांबरोबर शिकारीस निघाले. त्यांनी एका सिंहावर दोन्ही नळ्या झाडल्या. पण पुन्हा बार भरीत असतानाच जखमी सिंहाने झेप घेतली आणि त्यांचा डावा खांदा जबड्यात धरला. मेबालवे नावाच्या आफ्रिकी सहकाऱ्याने बंदूक रोखली, ती उडाली नाही. तरी सिंह लिव्हिंग्स्टन यांना सोडून त्याच्यावर धावला. त्याच्यानंतर भाला घेऊन आलेल्या एकाला त्याने चावा घेतला आणि आधीच्या गोळ्यांनीच तो कोसळला. लिव्हिंग्स्टन यांच्या दंडावर ११ दातांचे व्रण राहिले. दंडाचे हाड चुकीचे जुळून तेथे खोटा सांधा तयार झाला आणि तो हात त्यांना कधीच नीट उचलता आला नाही. मेबालवेने स्वतः जखमी होऊन त्यांचा जीव वाचविला, हे त्यांनी आपल्या पुस्तकात नोंदविले आहे. शाळांतून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत मात्र बहुधा सिंहच तेवढा उरतो.

== कोलोबेंग येथील संसार ==
जानेवारी १८४५ मध्ये मोफात यांची कन्या मेरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८४७ पासून हे कुटुंब बक्वेनांचा राजा सेचेले याच्या लोकांसह कोलोबेंग नदीकाठी राहिले. तेथे सकाळी शाळा भरे, त्यानंतर लोहारकी, सुतारकी व बागकाम चाले, दुपारनंतर मेरीबाईंची लहान मुलांची शाळा असे. गाईंच्या धारा काढून झाल्या की सायंकाळची उपासना व गावकऱ्यांशी बोलणे होई. दिवसाचे वेळापत्रक असे गोठ्याशी बांधलेले होते. पाव भाजण्यासाठी वारुळ पोखरून भट्टी करीत. मेणबत्त्या घरीच ओतीत आणि साबणही वनस्पतींच्या राखेपासून घरीच करीत. पुढे सलग काही वर्षे पाऊस पडला नाही. स्वतः पाऊस पाडणारा म्हणून ख्याती असलेल्या सेचेलेने १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. त्यामुळे अवर्षणाचा दोष लोकांनी नव्या धर्माच्या माथी मारला. १८५२ मध्ये बोअर लोकांनी बक्वेनांवर हल्ला करून लिव्हिंग्स्टन यांचे घर लुटले. त्यापूर्वीच त्यांनी पत्नी व मुलांना इंग्लंडला पाठविले होते. या ताटातुटीची खरी किंमत मेरीबाईंनी मोजली. १८६२ मध्ये झांबेझीकाठी शुपांगा येथे त्यांचा मृत्यू झाला.

== बैल, माशी आणि रात्रीची राखण ==
१८४९ मध्ये ते न्गामी सरोवरापर्यंत आणि १८५१ मध्ये झांबेझीच्या खोऱ्यापर्यंत पोहोचले. या प्रवासांत त्यांचे ४३ बैल त्सेत्से माशीच्या दंशाने मेले. बैल दंशानंतर झुरत जातो, पण माणूस, गाढव आणि शेळी यांना ही माशी बाधत नाही, असे त्यांनी लिहिले. त्यांच्या निरीक्षणाचा काही भाग पुढे चुकीचा ठरला. जनावरांच्या या रोगाचे सूक्ष्म परजीवी डेव्हिड ब्रूस यांनी १८९५च्या सुमारास शोधले, आणि त्याच जातीचे परजीवी माणसाला निद्रारोग देतात हेही नंतर उघड झाले.

नोव्हेंबर १८५३ मध्ये मकोलोलो राजा सेकेलेतु याने दिलेली २७ माणसे घेऊन ते लिन्यांतीहून अटलांटिक किनाऱ्याकडे निघाले. झांबेझीवरील मुक्कामांचे त्यांनी केलेले वर्णन मुळातून वाचण्यासारखे आहे. संध्याकाळी त्यांचा लहानसा तंबू उभा राही. तांडेल माशाउआना तंबूच्या दाराशीच आपले अंथरूण घाली. त्याला ओलांडल्याशिवाय कुणी आत जाऊ शकत नसे. बाकीचे लोक आपापल्या जमातीप्रमाणे शेकोटीभोवती झोपड्या घालीत आणि पुढे घोड्याच्या नालेच्या आकाराची जागा गुरांसाठी मोकळी सोडीत. जाळ दिसत राहिला की बैलांना धीर येतो, म्हणून ती त्याच्या उजेडातच बांधीत. पहाटे पाचपूर्वी सारे उठत.

त्यांच्या बसण्याच्या बैलाचे नाव सिंदबाद होते. त्याची पाठ मऊ होती, स्वभाव मात्र तिरसट. वाट सोडून तो वेलींच्या जाळीत शिरे. एकदा तापाने ग्लानी आलेले लिव्हिंग्स्टन त्याच्यावरून डोक्यावर पडले, तर वर त्याने मांडीवर लाथही हाणली. चिबोक्वे लोकांच्या मुलखात वाटेच्या हक्काबद्दल माणूस, बैल किंवा बंदूक अशी मागणी झाली. सोबतच्या एकाही माणसाला गुलाम म्हणून देणार नाही, यावर ते ठाम राहिले. बैल मात्र द्यावे लागले. ३१ मे १८५४ रोजी ते लुआंडास पोहोचले. आजारी असूनही इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर न चढता ते या माणसांना परत पोहोचविण्यासाठी उलट फिरले. नोव्हेंबर १८५५ मध्ये त्यांनी झांबेझीवरील धबधबा पाहिला व त्यास व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले; स्थानिक लोक त्याला अर्थातच पूर्वीपासून ओळखत होते. मे १८५६ मध्ये ते पूर्व किनाऱ्यावर केलिमाने येथे पोहोचले. त्यानंतरची सरकारी झांबेझी मोहीम (१८५८–१८६४) बहुतांशी अपयशी ठरली.

== मुंबई व नाशिक ==
ती मोहीम संपल्यावर ‘लेडी न्यासा’ ही आपली छोटी आगबोट विकण्यासाठी लिव्हिंग्स्टन यांनी ती स्वतः चालवीत झांझिबारहून हिंदी महासागर पार केला आणि जून १८६४ मध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, ते मुंबईस पोहोचले. बरोबर आणलेल्या चुमा व विकातानी या दोन मुलांना त्यांनी डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत ठेवले. इंग्लंडला जाऊन सप्टेंबर १८६५ मध्ये ते मुंबईस परतले. आगबोट २,३०० पौंडांस विकली गेली, पण ज्या बँकेत पैसे ठेवले तीच बुडाली. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी मात्र त्यांना मनापासून साहाय्य केले.

नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत १८५४ पासून होती. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे आश्रय मिळे. त्यांना लेखन-वाचन व सुतारकी-लोहारकीसारखे धंदे शिकवीत. यांपैकी ९ तरुण लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर निघाले. मुंबईच्या मरीन बटालियनचे १३ शिपाईही मिळाले. मार्च १८६६ मध्ये झांझिबारहून निघालेल्या तांड्यात यांच्याखेरीज जोहान्ना बेटावरचे १० लोक, शुपांगाचे सुसी व अमोदा, आणि चुमा व विकातानी होते. जनावरे अशी : ६ उंट, ३ म्हशी व एक रेडकू, २ खेचरे आणि ४ गाढवे. रानगवे त्सेत्सेच्या मुलखात सुखाने राहतात, तेव्हा भारतीय म्हशी व उंटही तेथे टिकतील, अशी त्यांची अटकळ होती. ती खरी ठरली असती तर माणसांच्या डोक्यावरून होणारी मालवाहतूक संपली असती, आणि हमाल म्हणून गुलाम पकडण्याचे एक कारणही.

आरंभालाच म्हशीने एका गाढवाला इतके भोसकले की त्याला गोळी घालावी लागली. त्यानंतर म्हशींच्या शिंगांची टोके कापण्यात आली. बैल गेला आणि झोपा केला. रोवुमाकाठच्या दाट रानात उंच उंटांसाठी माकोंडे मजूर लावून वाट तोडावी लागे. माश्यांनी दंश केले ते निराळेच. लिव्हिंग्स्टन यांच्या नोंदीनुसार शिपाई जनावरांवर बेसुमार ओझी लादीत, त्यांना मारीत व टोचीत. एकामागून एक जनावरे मेली. पण ती माशीने मेली की माराने, हे सांगता न आल्याने प्रयोगच निकामी झाला. जुलैत शिपायांना परत पाठविण्यात आले. शिपायांनी क्रौर्य केले, यात शंका घेण्याचे कारण नाही. तरी हा सारा वृत्तांत धन्याच्या लेखणीतून उतरलेला आहे, हे विसरू नये. तो मुलूख गुलामांच्या धाडींनी उजाड झालेला होता, अन्न मिळत नव्हते, आणि माणसे सांभाळण्याची कला लिव्हिंग्स्टन यांना, विशेषतः गोऱ्या व शिस्तीच्या सैनिकी माणसांबाबत, कधी साधली नव्हती.

सप्टेंबरात जोहान्नाचे लोक पळाले आणि किनाऱ्यावर जाऊन त्यांनी लिव्हिंग्स्टन मेल्याची खोटी बातमी पसरविली. शेळ्या गेल्या, तसे दूध बंद झाले. चितानी हा त्यांचा पूडल कुत्रा चालत्या रांगेच्या पुढून मागे नि मागून पुढे धावत सगळ्यांची हजेरी घेई आणि गावकुत्र्यांना जवळ फिरकू देत नसे. जानेवारी १८६७ मध्ये एक दलदल ओलांडताना तो बुडाला. त्याच महिन्यात औषधांची पेटी चोरीस गेली. आपल्या मृत्यूची ही सुरुवात आहे हे त्यांनी तेव्हाच ओळखले.

== अखेरची वर्षे व मृत्यू ==
१५ जुलै १८७१ रोजी न्यांग्वे येथील बाजारात गुलामांच्या व्यापाऱ्यांनी केलेली कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांचा वृत्तांत इंग्लंडात पोहोचल्यावर सर बार्टल फ्रिअर यांनाच झांझिबारला पाठविण्यात आले. जून १८७३ मध्ये तेथील गुलामांचा बाजार बंद करण्याचा तह झाला. तो पाहण्यास लिव्हिंग्स्टन राहिले नव्हते. १८७१च्या अखेरीस उजिजी येथे पत्रकार हेन्री स्टॅन्ली त्यांना भेटले, पण नाईलचा उगम शोधल्याशिवाय परतण्यास त्यांनी नकार दिला. १८७२ मध्ये शरणपूरचे आणखी काही तरुण त्यांना येऊन मिळाले. जेकब वेनराइट त्यांपैकीच.

एप्रिल १८७३ मध्ये बांग्वेउलु सरोवराच्या दलदलीत ते रक्तस्रावाने खंगले. गाढवावर बसण्याचा प्रयत्न केला, तो जमला नाही. मग डोलीतून त्यांना चितांबोच्या गावी आणले. ३० एप्रिलच्या रात्री बाहेर शेकोटीपाशी माणसे जागत होती आणि माज्वारा नावाचा मुलगा झोपडीत राखणीस होता. अकराच्या सुमारास दुरून ओरडा ऐकू आला. हा आवाज आपल्या माणसांचा का, असे लिव्हिंग्स्टन यांनी विचारले. ज्वारीच्या शेतातून लोक गव्याला हाकलीत आहेत, असे सुसीने सांगितले. भातशेतीत रानडुकरांसाठी रात्र जागविणाऱ्या कोकणी शेतकऱ्याला हे हाकारे परके वाटणार नाहीत. पहाटे माज्वारा घाबरून सुसीला बोलवायला आला. पेटीवर मेणबत्ती तेवत होती. लिव्हिंग्स्टन बिछान्यापाशी गुडघे टेकून होते, आणि अंग गार पडले होते.

सुसी, चुमा व सहकाऱ्यांनी त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर लेख कोरला. मीठ लावून १४ दिवस वाळविलेला देह झाडाच्या सालीत गुंडाळून त्यांनी सुमारे १,६०० किलोमीटर वाहून नेला. वाटेत एका रात्री धन्याचे गाढव सिंहाने मारले. वाटेत भेटलेल्या लेफ्टनंट कॅमेरॉन यांनी देह तेथेच पुरण्याचा सल्ला दिला, तो या माणसांनी मानला नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयो येथे किनाऱ्यास लागले. तेथे पगार चुकता करून त्यांना निरोप देण्यात आला. देहासोबत इंग्लंडपर्यंत जाऊ शकला तो एकटा जेकब. सुसी व चुमा अंत्यविधी उरकल्यावर तेथे पोहोचले आणि दैनंदिनीच्या संपादनात त्यांनी मदत केली. शरणपूरच्या अनेक आफ्रिकी रहिवाशांना पुढे मोंबासाजवळ फ्रिअर टाउन येथे वसविण्यात आले.

लंडनमध्ये देहाची ओळख पटविण्याचे काम सर विल्यम फर्ग्युसन या शल्यवैद्यांकडे आले. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. त्यांनी डाव्या दंडाचे हाड तपासले, आणि माबोत्साच्या सिंहाने केलेला तो खोटा सांधा तेथे सापडला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झाले. शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता.